‘फाशी झाली’ म्हणजे नेमकं काय? दयेचा अर्ज, पडून राहिलेली फाईल आणि जगण्याचा हक्क

सत्र न्यायालयाचा निकाल लागला की संध्याकाळपर्यंत गावभर एकच वाक्य फिरतं, ‘त्याला फाशी झाली.’ खरं तर त्या दिवशी शिक्षा फक्त सुनावलेली असते. पुढे दहा-पंधरा वर्षं जातात, माणसं ती घटना विसरूनही जातात, आणि मग एक दिवस बातमी येते की उशीर झाल्यामुळे कोर्टानं फाशी रद्द करून जन्मठेप दिली. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना हे ऐकून काय वाटत असेल, ते सांगायला नको. राग येतोच.

कोर्टानं असं का केलं हे कळायला एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. निकाल पुन्हा तपासण्यात गेलेला वेळ वेगळा आणि फाईल टेबलावर पडून राहिल्यानं गेलेला वेळ वेगळा. पहिला वेळ फाशीच्या कैद्याला मिळालाच पाहिजे. दुसरा वेळ म्हणजे त्याला कुठल्याही न्यायाधीशानं न सुनावलेली वेगळी शिक्षा.

आधी वाट पाहू. बीड, परभणी, लातूर, कुठल्याही सत्र न्यायालयानं फाशी दिली तरी ती तशीच अमलात येत नाही. आरोपीनं अपील केलं नाही तरी खटल्याचे कागद उच्च न्यायालयात जातात आणि तिथल्या दोन न्यायमूर्तींनी शिक्षा कायम करावी लागते. मराठवाड्यातले असे खटले मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे येतात. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, तिथे अपील फेटाळलं गेलं तर पुनर्विलोकन अर्ज, म्हणजे त्याच कोर्टानं आपला निकाल पुन्हा पाहावा असा अर्ज, आणि अगदी शेवटी क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे त्यानंतरही राहिलेली चूक सुधारावी अशी याचिका. पुनर्विलोकन अर्ज एरवी बंद दालनात, नुसत्या कागदांवर निकाली निघतो. फाशीच्या खटल्यात मात्र २०१४ पासून तो तीन न्यायमूर्तींपुढे खुल्या कोर्टात चालतो आणि वकिलाला बोलायला जास्तीत जास्त अर्धा तास मिळतो. कोर्टाचे दरवाजे संपले की दयेचा अर्ज, आधी राज्यपालांकडे आणि मग राष्ट्रपतींकडे. संविधानाचा अनुच्छेद १६१ राज्यपालांना हा अधिकार देतो, अनुच्छेद ७२ राष्ट्रपतींना. दोघेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. म्हणजे फाईल प्रत्यक्षात हलते किंवा अडते ती गृह विभागात.

महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोनच तुरुंगांत आहे, पुण्याचं येरवडा आणि नागपूरचं मध्यवर्ती कारागृह. छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल तुरुंगात ती नाही. हिंगोलीच्या किंवा भोकरदनच्या घरच्यांना मुलाखतीसाठी तिथवर जायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते आणि गाडीभाड्याचा खर्च वेगळाच. कागद वेळेवर का जमत नाहीत याचं एक साधं कारण हेही आहे.

फाशी ठरलेल्याला कसला आला जगण्याचा हक्क?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. अनुच्छेद २१ सांगतो की कायद्यानं ठरवून दिलेल्या रीतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. ही रीत न्याय्य, रास्त आणि वाजवी हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली मनेका गांधी खटल्यात ठरवलं. हे संरक्षण शिक्षा लागल्यावर संपत नाही, कैद्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत चालू राहतं. कोर्टानं दिलेली शिक्षा मरणाची असते. उद्या पहाटे बोलावणं येईल की परवा, या भीतीत वर्षानुवर्षं काढण्याची शिक्षा कुठल्याही निकालपत्रात लिहिलेली नसते. तुरुंगात बुटांचा आवाज वेळेआधी आला तरी फाशी यार्डातला माणूस दचकून उठून बसतो. अशी सात-आठ वर्षं काढल्यावर त्याच्या मनाचं काय होतं हे सांगायला डॉक्टर लागत नाही. तरीही मानसिक तपासणी नियमित व्हावी, असं कोर्टानं मुद्दाम सांगितलं आहे.

किती उशीर म्हणजे फार उशीर, यावर कोर्टातही बराच काळ एकमत नव्हतं. १९८३ साली वथीश्वरन खटल्यात दोन न्यायमूर्ती म्हणाले, शिक्षा सुनावल्यापासून दोन वर्षं गेली की पुरे, फाशी रद्द. त्याच वर्षी शेरसिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी हा दोन वर्षांचा ठोकताळा मोडला. मग त्रिवेणीबेन खटल्यात पाच न्यायमूर्तींचं खंडपीठ बसलं आणि १९८९ साली सविस्तर निकाल आला. तो आजही पाया आहे. वर्षांचा आकडा ठरवायचा नाही, पण अवाजवी उशीर झाला तर कैद्याला कोर्टात येता येईल, असं त्यात ठरलं. कोर्ट शेवटच्या न्यायालयीन निकालानंतरचा काळ पाहील. गुन्हा केला की नाही, हा प्रश्न तिथे पुन्हा उघडणार नाही. ब्रिटनच्या प्रिव्ही कौन्सिलनं १९९३ साली जमैकाच्या एका खटल्यात पाच वर्षांची रेघ ओढली. आपल्याकडे अशी रेघ नाही. आमच्या मते ते बरोबरच आहे, कारण रेघ ओढली की कार्यालयं रेघेच्या आदल्या दिवसापर्यंत निवांत बसतात.

२१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकाच निकालात १५ जणांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. बहुतेकांच्या बाबतीत कारण उशिराचं होतं, काहींच्या बाबतीत मानसिक आजाराचं. आदल्याच वर्षी भुल्लर खटल्यात कोर्टानं म्हटलं होतं की दहशतवादाच्या गुन्ह्यात उशिराचा मुद्दा चालणार नाही. चौहान निकालानं हा भेद मोडून काढला आणि मार्च २०१४ मध्ये खुद्द भुल्लरचीही फाशी जन्मठेपेत बदलली.

उशीर कसा मोजतात

इथेच जास्तीत जास्त गैरसमज आहेत, म्हणून नीट पाहू. खटला चालायला, उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात लागलेली वर्षं या हिशेबात धरत नाहीत, तो तपासणीचा वेळ. कैद्यानं स्वतः केलेला उशीरही धरत नाहीत. मुदत टळून गेल्यावर अर्ज करणं, एकाच कारणासाठी पुन्हा पुन्हा अर्ज करणं, सहआरोपींनी एकामागून एक अर्ज टाकून तारीख ढकलणं, यांचा फायदा त्याला मिळत नाही. दिल्लीच्या निर्भया खटल्यात २०२० साली फाशीची तारीख तीनदा पुढे गेली, कारण चौघांचे अर्ज वेगवेगळ्या वेळी येत होते. शेवटी २० मार्च २०२० रोजी फाशी झालीच. मोजतात तो सरकारकडे गेलेला वेळ. राज्याच्या गृह विभागानं कागद पाठवायला, राज्यपालांकडे निर्णय व्हायला, केंद्रानं टिपणी करायला आणि राष्ट्रपतींकडे निर्णय व्हायला लागलेला. अर्ज फेटाळल्यावर वॉरंट, म्हणजे फाशीचा दिवस ठरवणारा सत्र न्यायालयाचा आदेश, निघेपर्यंतचा काळही.

हा शेवटचा टप्पा लोकांच्या नजरेतून सुटतो. पुण्यातल्या बीपीओत काम करणाऱ्या तरुणीच्या खून खटल्यानं तो समोर आणला. गुन्हा नोव्हेंबर २००७ चा. सर्वोच्च न्यायालयानं दोघांची फाशी ८ मे २०१५ रोजी कायम केली. जुलै २०१५ मध्ये राज्यपालांकडे अर्ज गेले आणि २९ मार्च २०१६ रोजी फेटाळले गेले. म्हणजे राज्यात आठ महिने. राष्ट्रपतींनी २६ मे २०१७ रोजी फेटाळले. म्हणजे आणखी चौदा महिने. यानंतर कुणाला काही ठरवायचं उरलंच नव्हतं. सत्र न्यायालयातून वॉरंट निघायचं एवढंच बाकी होतं. ते निघालं १० एप्रिल २०१९ रोजी, फाशीची तारीख होती २४ जून. दयेचे दोन्ही अर्ज निकाली काढायला दोन वर्षंही लागली नव्हती आणि एका कागदासाठी जवळजवळ तितकाच काळ गेला. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद ठरवली. राज्य सरकार वर गेलं, पण ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला.

कोल्हापूरच्या गावित बहिणींचं प्रकरणही याच वाटेनं गेलं. लहान मुलांना पळवून मारल्याबद्दल त्यांची फाशी सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २००६ मध्ये कायम केली होती. दयेच्या अर्जांवरची सरकारी दिरंगाई इतकी लांबली की १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेत बदलली. गुन्हा कमी गंभीर होता, असं दोन्ही प्रकरणांत कुठल्याही कोर्टानं म्हटलेलं नाही. मुलगी गमावलेल्या आईबापांनाही या वर्षांचा हिशेब कुणीतरी द्यायला हवा होता. त्यांच्याही वाट्याला नुसती वाटच आली. ज्यांच्या टेबलावर कागद थांबला त्यांची जबाबदारी ठरली असती तर दोन्ही बाजूंना न्याय मिळाला असता.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. फाशीची जन्मठेप झाली म्हणजे चौदा वर्षांनी घरी, असं सर्रास बोलतात. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. चौदा वर्षांची अट अशी आहे की फाशीची तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप भोगणाऱ्याची किंवा फाशीची जन्मठेप झालेल्याची सुटका सरकार त्याआधी करू शकत नाही. त्यानंतर सोडायचं की नाही, हे सरकार प्रकरण पाहून ठरवतं. कोर्टानं ३५ वर्षं लिहिली असतील तर ३५ वर्षं.

नव्या कायद्यातल्या मुदती आणि त्यातली फट

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ४७२ मध्ये दयेच्या अर्जाला पहिल्यांदाच मुदती घातल्या आहेत. अपील, पुनर्विलोकन किंवा विशेष परवानगी अर्ज सर्वोच्च न्यायालयानं फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षकानं कैद्याला कळवलं की तिथून ३० दिवसांत अर्ज करायचा. तो आधी राज्यपालांकडे. त्यांनी फेटाळल्यापासून ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. हा अर्ज कैद्याचे कायदेशीर वारस किंवा कुणीही नातेवाईकसुद्धा करू शकतात. एका खटल्यात अनेक दोषी असतील तर सगळ्यांचे अर्ज ६० दिवसांत येतील हे पाहणं अधीक्षकाचं काम. राज्याचा अभिप्राय आणि तुरुंगातले कागद हाती आले की केंद्र सरकारनं ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे शिफारस पाठवायची, आणि निर्णय झाला की ४८ तासांत राज्याच्या गृह विभागाला आणि अधीक्षकाला कळवायचं.

फट कुठे आहे ते पाहा. राज्यानं अभिप्राय किती दिवसांत द्यायचा, हे लिहिलेलं नाही. राज्यपाल आणि राष्ट्रपती यांनाही मुदत नाही. घड्याळ कैद्याला बांधलं आहे, सरकारला निम्मंच. राष्ट्रपतींचा किंवा राज्यपालांचा आदेश अंतिम, त्याची कुठल्याही कोर्टात चौकशी होणार नाही, असंही कलमात आहे. पण अनुच्छेद ३२ आणि २२६ खाली रिट, म्हणजे हक्कासाठी थेट सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयात केलेली याचिका, ऐकण्याचा अधिकार संविधानानं दिलेला आहे, तो साध्या कायद्यानं काढून घेता येत नाही. दया का केली नाही, हे कोर्ट सहसा विचारणार नाही. किती उशीर केला आणि महत्त्वाचे कागद पुढे ठेवले होते का, हे मात्र विचारेल.

पुण्याच्या बीपीओ खटल्यातल्या डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशी दिरंगाई थांबवायला काही आदेश दिले. प्रत्येक राज्यानं गृह किंवा कारागृह विभागात दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष नेमायचा. अर्ज आला की तुरुंगानं कैद्याची सगळी माहिती जोडून तो लगेच तिकडे पाठवायचा. उच्च न्यायालयानं फाशी कायम केल्याचा आदेश आला की सत्र न्यायालयानं स्वतःहून प्रकरण बोर्डावर घ्यायचं आणि कोणते अर्ज बाकी आहेत याचा पाठपुरावा ठेवायचा. वॉरंट काढण्याआधी कैद्याला नोटीस द्यायची. वॉरंट त्याच्या हातात पडल्यापासून फाशीपर्यंत पूर्ण १५ दिवस जायला हवेत. २०१४ च्या चौहान निकालात घातलेली १४ दिवसांची अट वेगळी, ते दिवस दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवल्यापासून फाशीपर्यंत मोजायचे. दोन्ही अटी पाळाव्या लागतात.

घरच्यांनी आणि तालुक्याच्या वकिलांनी काय करावं

पहिलं काम वहीचं. एक साधी वही घ्यावी आणि पानावर चार रकाने आखावेत: कोणता कागद, कुणाकडे दिला, कोणत्या तारखेला, पुढे कधी हलला. तुरुंगात किंवा मंत्रालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, शिक्का आणि आवक क्रमांकासह. क्रमांक नसलेली पोच पुढे फारशी कामाला येत नाही, कारण उशिराचा दावा उभा राहतो तो आवक-जावक नोंदींवर. ‘खूप उशीर झाला’ असं रिटमध्ये लिहिलं तर सरकारी वकील विचारतात, कुणाकडे आणि किती दिवस? अमुक टेबलावर २१२ दिवस, हे उत्तर वहीतून निघालं पाहिजे.

पत्त्याचं पाहावं. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्यापर्यंत घराला कुलूप असतं. अर्ज फेटाळल्याचं कैद्याला आणि घरच्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. पत्र कुलूपबंद घरी गेलं तर कागदावर ते कळवलेलंच ठरू शकतं आणि १४ दिवस तिथेच संपतात. म्हणून गावात बारा महिने राहणाऱ्या कुणाचा तरी दुसरा पत्ता आणि मोबाईल नंबर अधीक्षकाकडे लेखी द्यावा.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नये. कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. अर्ज तुरुंगातूनच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. दयेचा अर्ज फेटाळल्यानंतरही हा हक्क उरतो. निकालपत्रांच्या प्रती आणि फेटाळल्याच्या आदेशाची प्रत मागावी, त्या देणं तुरुंगाला भाग आहे.

कैद्याला एकट्याला कोंडून ठेवलं असेल तर तारखांसह लिहून काढावं. दयेचा शेवटचा अर्ज निकाली निघेपर्यंत त्याला एकांतवासात टाकता येत नाही, असं सुनील बत्रा खटल्यात १९७८ सालीच ठरलं आहे. मुलाखतीला गेल्यावर तो ओळखत नसेल, असंबद्ध बोलत असेल, जेवण टाकत असेल तर तोंडी सांगून भागत नाही. वैद्यकीय तपासणीचा लेखी अर्ज द्यावा. शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार हे फाशी रद्द करण्याचं स्वतंत्र कारण आहे.

आणि माणसाची माहिती लवकर गोळा करावी. शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचं वेगळं ऐकून घेणं म्हणजे नुसता उपचार नाही, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे १९७७ साली आपल्याच मानवतच्या खून खटल्यात आला होता. आता २०२२ च्या मनोज निकालानं हे काम सत्र न्यायालयापासूनच सक्तीचं केलं आहे: बालपण, शिक्षण, आजार, घरची परिस्थिती, तुरुंगातली वागणूक. आशाताईकडची नोंद, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, मास्तरांचं पत्र, सगळं चालतं.

तपासणीचा वेळ का अडवू नये, याचा दाखला भोकरदन परिसरातल्या सहा जणांचा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका भीषण गुन्ह्यात त्यांना नाशिक सत्र न्यायालयानं २००६ साली फाशी दिली. उच्च न्यायालयानं तिघांची कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. तिथेच घाई झाली असती तर आज सांगायला काही उरलं नसतं. पुनर्विलोकनात ते प्रकरण पुन्हा उघडलं. जखमी साक्षीदार महिलेनं सुरुवातीला पोलिसांच्या अल्बममधून भलतेच चौघे ओळखले होते आणि तो धागा तपासलाच नव्हता, हे पुढे आलं. ५ मार्च २०१९ रोजी सहाही निर्दोष सुटले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली गेली. सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अठराचाही नव्हता.

वयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर मांडता येतो, अगदी शेवटचा निकाल लागल्यानंतरही. १९९४ च्या पुण्यातल्या एका खून खटल्यातला फाशीचा कैदी गुन्ह्याच्या वेळी बारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये मान्य केलं. तोवर त्याची अठ्ठावीस वर्षं आत गेली होती. ते सिद्ध झालं शाळेच्या नोंदीवरून. म्हणून वयाची जराही शंका असेल तर आधार कार्डावरच्या तारखेवर विसंबू नये, ती बऱ्याचदा अंदाजानं टाकलेली असते. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत तो पहिलीत बसला तिथून जनरल रजिस्टरचा निर्गम उतारा काढावा, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह. सोबत ग्रामपंचायतीची जन्मनोंद घ्यावी. शाळा बदलली असेल तर पहिल्या शाळेचा उतारा घ्यावा, दुसऱ्या शाळेतली तारीख बहुतेक वेळा तिथूनच उतरवलेली असते. जुनी रजिस्टरं ओलीनं आणि वाळवीनं जातात, तेव्हा उतारा काढायचं काम पहिल्याच आठवड्यात करावं.